उन्हाळा सरताना मासे जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १७ फुटांची उघडी होडी, मागे ४० अश्वशक्तीचं इंजिन, सोबत एक मित्र. उन्हाळा लागला तेव्हा किनाऱ्यापासून अर्ध्या तासावरच्या खडकावर, ६-७ मीटर पाण्यात, दर खेपेला मासा लागत होता. आता उन्हाळा सरत आलाय. खडक तोच, दोरी तीच, आमिषही तेच, आणि गेल्या पाच खेपांत मोजून तीन पिल्लं. सकाळी आठला निघता, दुपारी एकपर्यंत बसता आणि भाजून परत येता. मोठा फिश फाइंडर (पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) घ्यावा की आमिष बदलावं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. आधी घड्याळ बदला, मग खोली बदला. पैसे खर्च करायची वेळ आलीच तर त्यानंतर.

समुद्र जमिनीसारखा झटपट तापत नाही. उत्तर गोलार्धात सूर्य जूनमध्ये सर्वांत वर असतो, पण समशीतोष्ण किनाऱ्यांवर पाणी सर्वांत कोमट होतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात. दक्षिणेकडे हेच फेब्रुवारी-मार्चमध्ये घडतं. म्हणजे आपल्याला उन्हाळा उतरणीला लागल्यासारखा वाटतो तेव्हा माशांचा उन्हाळा ऐन भरात असतो. तुम्ही जूनचा समुद्र डोक्यात ठेवून ऑगस्टचा समुद्र धुंडाळताय.

तापलेलं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगतं. वारा वरचं काही मीटर पाणी घुसळतो, त्याखाली त्याचा हात पोचत नाही. मग होतं काय, की वर एक कोमट थर, खाली गार पाणी, आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा तयार होतो. या पट्ट्यात दोन-तीन मीटर खाली जाईपर्यंत तापमान चार-पाच अंशांनी उतरू शकतं. पोहताना छातीला कोमट पाणी आणि पाय खाली सोडल्यावर एकदम गार, हा अनुभव तुम्ही घेतला असेलच. तसाच प्रकार, फक्त अधिक खोलवर. मी त्याला नुसतं ‘पायरी’ म्हणतो.

माशाचं शरीर बहुतेक वेळा भोवतालच्या पाण्याइतकंच गरम असतं. पाणी तापलं की त्याची भूक आणि प्राणवायूची गरज दोन्ही वाढतात. नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. १० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो ६ च्या आसपास येतो. मोठ्या माशाला हा हिशेब लवकर जड जातो. तो उथळ, तापलेल्या खडकावर दिवसभर बसत नाही. पहाटे चरायला वर येतो आणि ऊन चढलं की पायरीवर उतरतो, जिथे डोक्यावर खाणं आहे आणि पोटाखाली गारवा. तुमच्या ६ मीटरच्या खडकावर राहिली ती पिल्लं. त्यांना उथळ पाण्यात मोठ्यांची भीती कमी आणि गरमीचा त्रासही कमी.

यात एक मेख आहे, आणि ती न कळल्याने मी स्वतः दोन मोसम वाया घालवले. ‘खोल जा’ म्हणजे ‘तळाला जा’ असं नाही. चिंचोळ्या तोंडाच्या उपसागरात किंवा वारा न लागणाऱ्या खाडीत पायरीखालचं पाणी महिनोन्‌महिने वरच्या पाण्यात मिसळत नाही. वरून पडणारं शेवाळ, मेलेले जीव तळाशी कुजतात आणि तिथला प्राणवायू संपवतात. अशा जागी तळाला टाकलेलं आमिष दोन तासांनी तसंच्या तसं वर येतं. खेकड्याने कुरतडल्याची खूणसुद्धा नसते. ही खूण नसणं हीच खूण. खेकडासुद्धा राहत नाही तिथे मासा कशाला थांबेल? अशा वेळी शिसं तळापासून चार-पाच मीटर वर उचला. उघड्या समुद्रात, जिथे प्रवाह जोरात असतो, तिथे तळ बहुधा जिवंत असतो.

पायरी किती खोलीवर आहे हे ओळखायची माझी जुनी पद्धत जराशी हास्यास्पद आहे. पहिला मासा वर आला की, कितीही लहान असो, त्याच्या पोटावर तळहात ठेवायचा. वीस मीटरवरून मिनिटभरात वर आलेल्या माशाचं अंग पृष्ठभागाच्या पाण्यापेक्षा स्पष्ट गार लागतं. वरच्या थरातला असेल तर काहीच जाणवत नाही. मग किती वाव दोरी सोडली होती ते आठवायचं. मी तंगुसावर दर पाच वावांना रंगीत धाग्याची गाठ मारून ठेवतो, त्यामुळे आठवण्यापेक्षा मोजणं होतं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, साधारण १.८ मीटर. होडीत दोघे असाल तर कोणाच्या हातांचा वाव धरायचा ते आधी ठरवा, नाहीतर दुपारपर्यंत त्यावरच वाद.

पायरी रोज एकाच जागी नसते, आणि इथे वारा येतो. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्‌जॉफ नान्सेन यांचं ‘फ्राम’ जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकून वाहत होतं. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न सरकता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याचं गणित पुढे १९०५ मध्ये स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ वाल्फ्रिड एकमान यांनी मांडलं. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे ढकललं जातं आणि दक्षिणेत डावीकडे. होडीवाल्याला याचा उपयोग असा: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात आणि किनारा डाव्या हाताला आला, तर तो वारा वरचं कोमट पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. असा वारा दोन-तीन दिवस टिकला की पाण्याचं तापमान पाच अंशांनीही पडू शकतं. पहिल्या दिवशी मासा गप्प बसतो. दोनेक दिवसांनी, वारा पडल्यावर, खालून आलेल्या खतामुळे पाणी हिरवट होतं, बारकी मासळी जमते आणि मोठा मासा तिच्या मागे येतो. किनारा उजव्या हाताला असेल तर उलट: कोमट पाणी किनाऱ्यावर साठतं, पायरी आणखी खाली जाते. ‘कालपर्यंत होता, आज नाही’ अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, परवा वारा कुठला होता?

आता घड्याळ. तुम्ही आठला निघता, म्हणजे नांगर पडेस्तोवर नऊ. या दिवसांत नऊला दुकान बंद व्हायला आलेलं असतं. उजाडायच्या अर्धा तास आधी आमिष पाण्यात हवं. पाणी त्या वेळी दिवसातलं सर्वांत गार असतं, उजेड तिरपा असतो आणि बारकी मासळी रात्रीच्या विखुरलेल्या अवस्थेतून पुन्हा कळप बांधत असते. गोंधळलेला कळप म्हणजे शिकाऱ्याची न्याहारी. संध्याकाळचा तासही चांगला, पण अंधारात परत यावं लागतं. छोट्या होडीला मी पहाटच सुचवेन, कारण पहाटे चुकलात तर पुढे उजेड असतो.

पण निव्वळ पहाट पुरत नाही. पाणी वाहतं हवं. थबकलेल्या पाण्यात तापमानही चढतं आणि बारकी मासळीही कुठेच ढकलली जात नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर धरला तर पहिल्या तासात सुमारे २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात ५०, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी ७५, मग पुन्हा ५० आणि २५. ओढ मधल्या दोन तासांत सर्वाधिक. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण (मोठी भरती), अष्टमीच्या मागे भांग (लहान भरती), हे तुम्हाला माहीत असणार. उन्हाळा सरताना मी उधाणाच्या आसपासचे दिवस निवडतो, पण मधले दोन तास नव्हे. ओढ इतकी वाढते की शिसं तळाला टिकत नाही आणि मासाही आडोशाला जातो. ओढ सुरू झाल्यावरचा दुसरा तास आणि पाचवा तास, हे माझे. भांगाच्या दिवसांत मात्र नेमके मधलेच तास घ्या.

आणि एक खबरदारी. छापील वेळ भरतीच्या उंचीची असते, प्रवाहाची नसते. खाडीच्या चिंचोळ्या तोंडाशी उंची गाठून पाणी उतरू लागलं तरी आतला प्रवाह तासभर, कधी त्याहून जास्त, आतच वाहत राहतो. तुमच्या जागी हा फरक किती आहे ते एखाद्या बोयाशी पाणी कसं वळतंय ते पाहून एकदाच टिपून घ्या. जन्मभर उपयोगी पडेल.

जागेबद्दल. खडक सोडू नका, खडकाची बाजू बदला. तुम्ही माथ्यावर नांगर टाकता, असं वर्णनावरून दिसतं. खडक ६ मीटरवरून १५-१८ मीटरपर्यंत उतरतो ती कडा शोधा आणि त्यातही प्रवाह जिथून येऊन आदळतो ती बाजू. तिथे पाणी वर उसळतं आणि गारवा पायरीवरून वर चढतो. या दिवसांत मी नांगरावर बसतच नाही. प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, खडकापासून शंभरेक मीटर मागे जाऊन इंजिन बंद करतो आणि होडी वाहू देतो. ती कडेवरून सरकत जाताना शिसं तळाला टकटक करत जातं. वाळूवर ते घासल्यासारखं लागतं, खडकावर ठणकतं आणि कडेवरून पडलं की दोरी एकदम सैल होते. तो सैलपणा जाणवला की दोन-तीन वाव आणखी सोडायच्या आणि श्वास धरायचा. दहापैकी सहा-सात वेळा ओढ तिथेच येते, बोटाला आधी दोन बारीक धक्के आणि मग रॉडचं टोक पाण्यात. एका सरकण्यात काही लागलं नाही तर पुन्हा वर, पण खडकावरून इंजिन चालवत नव्हे, लांबून वळसा घालून. पहिल्या माशाची जागा उपकरणावर खूण करा आणि पुढची सरक तिथूनच न्या.

पक्षी दिसले तर सगळं सोडून तिकडे. वसंतात जन्मलेली बारकी मासळी आता बोटभर झालेली असते आणि खाड्यांतून बाहेर पडू लागते. बांगडा-कुप्याच्या घराण्यातले मासे तिला खालून रेटतात आणि सुरय पक्षी वरून. नवशिक्याची चूक ठरलेली: सुसाट थेट कळपात घुसणं. कळप बुडतो आणि तीन-चारशे मीटर पलीकडे पुन्हा वर येतो. आजूबाजूच्या होड्यांतून शिव्या मिळतात त्या वेगळ्याच, आणि रास्तही असतात. वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा, इंजिन बंद, वाहत कळपाच्या कडेशी या आणि आमिष मध्यात नव्हे, काठावर टाका. खरं मोठं जनावर बहुधा गोंगाटाच्या खाली असतं, जखमी होऊन बुडणारी मासळी टिपत. म्हणून एक दोरी दहा मीटर खाली ठेवा.

आमिष तुम्ही विचारलंत, म्हणून थोडक्यात: पाण्यात जी मासळी बोटभर आहे तेवढंच, तसंच चकाकणारं. वितभर आमिष आता नको. या दिवसांत पाणी नितळ असेल तर शेवटचा दीड-दोन मीटर तुकडा फ्लोरोकार्बनचा बांधा. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ च्या वर, म्हणजे तो पाण्यात कमी दिसतो. अगदी अदृश्य होतो ही जाहिरात. जिवंत आमिषाला आत वळलेला गोल गळ वापरा. पॅसिफिक बेटांवर हाडा-शिंपल्यांचे असे गळ फार पूर्वीपासून आहेत. यात झटका मारायचा नसतो, नुसती दोरी ताणायची, गळ माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. झटका मारायची सवय मोडायला मला अख्खं वर्ष लागलं.

आता ज्या भागावर मी सर्वांत हट्टी आहे तो. उन्हाळ्याच्या शेवटी सकाळ काचेसारखी असते आणि माणसाला फसवते. जमीन तापली की साडेदहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू होतो आणि दुपारी तीनच्या आसपास भरात येतो. एकदा मी असाच लालचीने थांबलो. परतताना खाडीच्या तोंडाशी उधाणाची ओहोटी बाहेर ओतत होती आणि वारा तिच्यावर चालून येत होता. बाहेर पाऊण मीटरच्या असलेल्या लाटा तिथे उभ्या भिंतीसारख्या, एकमेकींना चिकटून. मित्र म्हणाला, ‘थांबूया का?’ मी म्हणालो, ‘पाच मिनिटांचं तर काम.’ मागून आलेली एक लाट सरळ इंजिनावरून होडीत उतरली. घोट्यापर्यंत पाणी, माशांची पेटी तरंगतेय, बॅटरीतून वास. इंजिन बंद पडलं नाही, हे निव्वळ नशीब. कशीबशी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटांकडे वळवली, बाहेर पडलो आणि ओहोटी संपेपर्यंत पावणेदोन तास बादलीने पाणी उपसत बसलो. त्यानंतर त्याच तोंडातून आम्ही चहा पीत आत आलो असतो, इतकं ते शांत होतं.

म्हणून दहाला दोरी गुंडाळा. परतीच्या वेळी तोंडाशी प्रवाह कुठे वाहतोय ते निघायच्या आधीच पाहून ठेवा. इंधनाचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला हात न लावता. लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नव्हे. इंजिनची सुरक्षा-दोरी मनगटाला किंवा पायाला अडकवलेली हवी. उघड्या होडीतून माणूस पडला आणि होडी गोल फिरत परत आली तर पंखाच काळ होतो. नांगर टाकायचाच तर नाळेवरून, मागून कधीही नाही, आणि दोरी खोलीच्या किमान पाचपट. व्हीएचएफ रेडिओ असेल तर तो चॅनल १६ वर ठेवा. ढग कोबीसारखे वर चढू लागले तर मासा लागत असला तरी निघा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि उघड्या होडीला तेवढंही जवळच. सरळ उभा धरलेला कार्बनचा रॉड अशा वेळी हातात नको.

मासा मिळाला की पुढचं काम घाईचं. बांगडा-कुप्याच्या जातीच्या माशांत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. उन्हात पडलेल्या माशात जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात आणि ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, डोकं ठणकतं, छाती धडधडते, तोंडात तिखट झणझण. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात, पण दोष बहुधा होडीतल्या पहिल्या तासाचा असतो. कल्ले कापून रक्त वाहू द्या, आणि मग मासा बर्फावर ठेवू नका, बर्फात बुडवा. दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी. खारट असल्यामुळे हे मिश्रण शून्याच्याही जरा खाली जातं आणि माशाला सगळीकडून वेढतं. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, मासा गार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. दोघांच्या होडीला दहा किलो बर्फ जास्त वाटेल. वाटू द्या.

सोडायचा मासा असेल तर तो पाण्यातच सोडवा. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा हवेत दोन मिनिटं फोटोसाठी धरला तर पोहत गेलेला दिसतो आणि तासाभराने मरतो. खोलातून आलेल्या माशाचं पोट फुगून डोळे बाहेर आले असतील तर तो वर नुसता तरंगेल. त्याला वजनाच्या चिमट्याने पुन्हा दहा-पंधरा मीटर खाली नेऊन सोडावं लागतं. तो चिमटा एक किलो शिसं आणि उलटा गळ यांतून घरीही बनतो. गळाचा काटा मात्र घासून टाका.

राहिला फिश फाइंडर. तुमच्याकडचा लहानसा पुरेल. त्याची ऑटो सेटिंग बंद करा आणि संवेदनशीलता हळूहळू वाढवत न्या. पडदा ठिपक्यांनी भरायच्या जरा आधी, तळाच्या बऱ्याच वर, एक धूसर आडवी रेघ उमटेल. बहुतेक जण ती कचरा समजून संवेदनशीलता पुन्हा कमी करतात. तीच पायरी. पडद्यावर दिसणारं तापमान मात्र फक्त होडीच्या बुडाशी असलेल्या पाण्याचं, खालचं नव्हे. रेघेची खोली, वेळ, भरती सुरू होऊन झालेले तास, वाऱ्याची दिशा आणि वरचं तापमान, एवढं प्रत्येक माशापुढे वहीत लिहा. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा ते पान सोबत द्या, मग कडेची नेमकी कुठली बाजू तेही सांगता येईल.